शिशाच्या गोळीला दारू कोणती? (बाटलीतली नव्हे!)

पार्कचौकवाला (धागाकर्ता)
उन्हाळ्यात चार महिने धाकट्या भावाकडे टेक्सासला होतो. सोलापूरच्या उन्हातून सुटलो म्हणून निघालो, तिथंही तोच ताप. असो. भावाला नाद लागलाय काडतुसं स्वतः भरायचा. तिकडे स्वतःपुरती भरायला परवाना लागत नाही. गॅरेजात शिसं वितळवायचं, साच्यात गोळ्या ओतायच्या, वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू भरायची. रायफल पंचेचाळीस-सत्तर. हे काडतूस १८७३ चं, नावातले सत्तर म्हणजे ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) काळी दारू. म्हणून पुंगळी ही एवढी मोठी. बिनधुराची जलद दारू मात्र त्यात तळाला थोडीशीच लागते.

भाऊ शॉटगनची 'रेड डॉट' घालतो. झटकन जळते, स्वस्त पडते, एका डब्यात ढीगभर काडतुसं. माझं मत, हे चुकतंय. एका रात्री ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या होत्या, मी सहज टॉर्च मारला. सगळ्यांत दारू पार खाली, एकीत बोटभर वर. दोनदा पडली होती! वर गोळी बसली असती तर बाहेरून काही कळलं नसतं. त्यापेक्षा 'ट्रेल बॉस'सारखी फुगीर दारू घ्यावी. मधे भोक असलेल्या चकत्या, पुंगळी भरून टाकतात. दुसऱ्यांदा घालायला गेलं की उतू जाते, दूध जातं तशी.

गड्ड्याचा_बाण
काका, आमटीत मीठ दोनदा पडलं म्हणून मिठाला शिव्या घालायलाव का? प्रत्येक माप तराजूवर, प्रत्येक पुंगळीत नजर, आणि आकडा छापील मॅन्युअलमधलाच. एवढं पाळलं तर रेड डॉटमध्ये काही वाईट नाही. शिशाला वेग झेपत नाही. बुडाला तांब्याची टोपी नसलेली गोळी सेकंदाला साधारण १४०० फुटांच्या आसपासच ठेवतात. एवढ्या हलक्या भारात (म्हणजे थोड्याशा मापात) मंद दारू नीट पेटतच नाही, अर्धवट जळलेले दाणे नळीत सापडतात. जलद दारू थोड्या दाबातही पूर्ण जळते. शिवाय तुमची फुगीर दारू दाबून भरायला कंपनीच मनाई करते, ते सांगितलं का भावाला?

पार्कचौकवाला
मंद घ्या असं मी कुठं म्हटलं? फुगीर म्हटलं. चिमूटभर दारू मोठ्या पुंगळीत इकडून तिकडे घरंगळते. नळी खाली करून उचलली तर दारू गोळीपाशी, वर करून आणली तर पुंगळीच्या बुडातल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीपाशी. दोन्ही वेळी वेग वेगळा. भावाच्या कागदावर छिद्रं वर-खाली पडायची ती यामुळंच.

चादरवाला
त्यावर जुना इलाज आहे की. दारूवर सावरीच्या कापसाचा हलका बोळा. दारू टोपीपाशी राहते.

गड्ड्याचा_बाण
तिथंच थांबा. बोळ्यामुळं नळीच्या मागच्या घरात, जिथं काडतूस बसतं तिथं, कडं फुगल्याच्या तक्रारी किती जुन्या आहेत. कुणी बोळ्याला दोष देतं, कुणी बोळा भरणाऱ्याला. वाद अजून मिटलेला नाही, मग दुसऱ्याच्या रायफलीवर प्रयोग कशाला?

ठासणीची_बंदूक
पुंगळी काळ्या दारूसाठी केलेली, मग काळीच घाला! गोळीखाली रिकामी जागा ठेवायचीच नाही, त्यामुळे दुप्पट पडायचा प्रश्नच नाही. नंतर पाण्यानं नळी धुवायचा कंटाळा तेवढा करू नका, राख ओल ओढते नि रात्रीत गंज धरते. एकच गोष्ट जन्मात करायची नाही. काळ्या दारूच्या मापानं बिनधुराची भरायची नाही. बंदूक फुटते, हात जातो.

खिळेजुळारी
सगळे दारूवर भांडायलेत, शिसं कुठलं ते एकानंही विचारलं नाही. मी ३१ वर्षं छापखान्यात होतो. लायनोटाइपच्या (छपाईच्या ओळी ओतायच्या यंत्राच्या) धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. शुद्ध शिशात नख रुततं, कडकपणाच्या ब्रिनेल मापावर ते ५ च्या आसपास, लायनोटाइप २२ च्या. तिकडे जुन्या छापखान्यांचा हा धातू गोळ्यांसाठी हुडकून नेतात म्हणे. आता बघा, एवढी कडक गोळी आणि वर हलका भार. दाब कमी, गोळीचं बूड फुलत नाही, नळीतल्या आट्यांत घट्ट बसत नाही. कडेनं तापलेला वायू निसटतो, शिसं खरवडून नळीला फासतो. मग माणूस म्हणतो दारू वाईट! अहो, गोळी नळीपेक्षा केसभर जाड आहे का ते आधी मोजा. मऊ शिशाला हलका भार चालतो, कडक शिशाला दाब लागतो. दारू त्यानंतर निवडायची. पार्कचौकवाले, भाऊ शिसं आणतो कुठून?

पार्कचौकवाला
...जुन्या छापखान्याचंच. विटा रचून ठेवल्यात.

खिळेजुळारी
बघा!

कोर्टकचेरी
सोलापुरात कुणी हे वाचून साचा विकत घेऊ नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा 'दारूगोळा' धरली जाते. परवान्याशिवाय बनवणं गुन्हा आहे.

पार्कचौकवाला
साहेब, माझा दारूशी संबंध जानेवारीत होम मैदानावर, शोभेच्या दारूकामापुरता. तोही लांबून.

काल भावाला फोन करून हा सगळा धागा वाचून दाखवला. नळीतलं शिसं त्यानं कबूल केलं, चार महिने ते माझ्यापासून लपवलं होतं. आता लायनोटाइपमध्ये मऊ शिसं मिसळून ओतणार आहे.

गड्ड्याचा_बाण
आणि दारू?

पार्कचौकवाला
रेड डॉटच. म्हणतो, अर्धा डबा शिल्लक आहे. टॉर्च मात्र ठोकळ्याशेजारी दोरीनं बांधून ठेवलाय.

गड्ड्याचा_बाण
मग मी जिंकलो की बे.

पार्कचौकवाला
टॉर्च कुणाचा?