मदत हवी आहे : स्कूबासाठी अंदमान की मालदीव? उद्यापर्यंत ठरवायचं आहे

मुक्ता_माजिवडा :
नमस्कार. सुट्टीत स्कूबा डायव्हिंगसाठी जायचं आहे. एजंटकडून दोन कोटेशन आली आहेत. अंदमान ५ रात्री, विमानासकट सगळं मिळून १ लाख ७२ हजार. मालदीव ४ रात्री, ३ लाख १० हजार. दोन्हीत स्कूबा धरलेलं आहे असं तो म्हणतो. ऑफिसातल्या दोघी म्हणतात, पाण्याखालचं खरं जग बघायचं तर मालदीवच. दोन्हीकडे डाईव्ह केलेल्यांनी सांगा, जास्तीचे पैसे वसूल होतात का? तिकिटं रोज वाढताहेत, उद्या संध्याकाळपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा आहे. नेटवर शोधून झालंय, कृपया नुसत्या लिंका देऊ नका.

दर्यासारंग :
सुट्टी म्हणजे कुठली? दिवाळी, नाताळ की मे? किती जण, मुलं किती वर्षांची? कोणाकडे ओपन वॉटरचं, म्हणजे डायव्हिंगचा पहिला कोर्स केल्याचं, कार्ड आहे का? आणि कोटेशनमध्ये स्कूबापुढे काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. त्याशिवाय सगळं अंदाजपंचे होईल.

ऐरोली_किनारा :
अंदमान. दुसरा विचारच नको. आम्ही तिथल्या हॅवलॉक बेटावर (आताचं स्वराज द्वीप) निमो रीफवर केलं. पासपोर्ट नको, चलन बदलायला नको, आणि इन्स्ट्रक्टर हिंदीत समजावतो. पहिल्यांदा टाकीतली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात धरून डोकं पाण्याखाली घालताना छाती धडधडते, तेव्हा समोरच्याचं बोलणं नीट कळणं फार मोलाचं असतं. वाचलेल्या पैशांत पुढच्या वर्षी परत जा.

मालवणी_बाणा :
ठाण्यात राहून एवढ्या लांब कशाला? रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडा, सकाळी कुडाळ, तिथून तासाभरात मालवण. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, रीतसर कोर्स होतो. अख्ख्या घराचं विमानाच्या एका तिकिटात भागेल. आपल्या किनाऱ्यावरच्या पोरांना काम मिळतं ते वेगळंच.

नेरूळ_निनाद :
बाणा, केंद्राबद्दल सहमत. पण सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना जे करवतात ते उथळ पाण्यात थोडा वेळ, एक माणूस मागून टाकी धरून असतो आणि समोरचा फोटो काढतो. ते आणि हॅवलॉक एका रांगेत बसत नाहीत.

मालवणी_बाणा :
सगळ्यांना एकाच मापात मोजू नका. चांगलं शिकवणारे आहेत. ज्याला पाण्याची भीती आहे त्याने आधी दोन हजारांत मालवणला बघावं आणि मग लाखाच्या गोष्टी कराव्यात, असं माझं मत आहे.

नेरूळ_निनाद :
हे मान्य. फक्त बोटीत बसताना लाइफ जॅकेट आणि माणसांची संख्या बघूनच बसा, ही विनंती. २०२२ च्या मेमध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली होती, जीव गेले होते.

मुक्ता_माजिवडा :
सुट्टी म्हणजे मेच. शाळेला एवढी सुट्टी अजून कधी असते? १८ ते ३० मेच्या मध्ये. आम्ही तिघं, मुलगा ११ वर्षांचा. नवऱ्याकडे कार्ड आहे. अंदमानच्या कोटेशनमध्ये लिहिलंय 'वन स्कूबा डाईव्ह पर पर्सन विथ फोटोज'. मालदीवमध्ये 'स्नॉर्केलिंग, स्कूबा ऑन रिक्वेस्ट'. आता सांगा, अंदमान की मालदीव? मालवण आम्ही पाहिलंय.

दर्यासारंग :
मुक्ताताई, मग ही दोन कोटेशन एकमेकांशेजारी ठेवताच येत नाहीत. अंदमानमध्ये धरलंय ते ट्राय डाईव्ह. कार्ड नसलेल्यांसाठी असतं, पाण्याखाली साधारण अर्धा तास. तुमच्या मिस्टरांना कार्ड असून तेच करायला लावणार. मालदीवचं स्नॉर्केलिंग म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या वरूनच बघणं, आणि 'ऑन रिक्वेस्ट' म्हणजे तिकडे गेल्यावर वेगळे पैसे. ३ लाख १० हजारांत एकही डाईव्ह नाही. एजंटला लेखी विचारा : कोणाच्या किती डाईव्ह, बोटीवरून की किनाऱ्यावरून, सामानाचं भाडं धरलंय का.

नेरूळ_निनाद :
त्याहून मोठी गोष्ट तारखांची. मान्सून अंदमानात केरळच्या आधी पोचतो, मेचा तिसरा आठवडा धरा. दरवर्षी बातम्यांत ऐकतोच आपण. तुम्ही नेमक्या त्याच आठवड्यात जाताय. पाऊस पडला म्हणून डाईव्ह अडत नाही, समुद्र खवळला की अडते. पोर्ट ब्लेअर (आताचं श्री विजयपुरम) ते हॅवलॉक फेरी रद्द झाली तर पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं, आणि हॉटेलचे पैसे कोणी परत देत नाही.

ऐरोली_किनारा :
आम्ही मेमध्येच गेलो होतो. समुद्र एकदम शांत, पाणी गरम, गर्दी कमी. उगाच घाबरवू नका.

नेरूळ_निनाद :
मेच्या कोणत्या आठवड्यात?

ऐरोली_किनारा :
पहिल्या. तरी सगळीच वर्षं सारखी नसतात. पाऊस उशिरा आला तर?

नेरूळ_निनाद :
आला तर आला, पण पावणेदोन लाख त्यावर लावायचे का? मी लावणार नाही. अंदमानबद्दल माझ्या मनात काहीच वाईट नाही. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज यांसारख्या जागा आपल्या देशात दुसरीकडे नाहीत. पण नोव्हेंबर ते एप्रिल.

सुलभा_वाशी :
मालदीवला शाकाहारी असाल तर रिसॉर्टला आधी ईमेल करून ठेवा. स्थानिक बेटांवर, म्हणजे रिसॉर्टची नसलेली, तिथली माणसं राहतात त्या बेटांवर, नूडल्स आणि भात मिळतो, आम्ही थेपले, मेतकूट, कोरडी चटणी नेली होती. दारूची बाटली बॅगेत अजिबात नेऊ नका, तिकडे बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. आणि पाण्याखालचे फोटो हवे असतील तर कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावा, नाहीतर सगळं निळंच येतं.

पनवेलकर_७१ :
तिकीट बघताना नवी मुंबई विमानतळावरूनही बघा. माजिवड्याहून सांताक्रूझच्या ट्रॅफिकपेक्षा ऐरोली-बेलापूर करून उलवे कधीकधी लवकर पडतं.

मुक्ता_माजिवडा :
विमानतळाचं नंतर बघू. अंदमान नको हे कळलं. मग मालदीव फायनल करू का?

दर्यासारंग :
थांबा. मिस्टरांनी शेवटची डाईव्ह कधी केली? तुम्हाला स्वतःला पोहता येतं का? मुलाला?

मुक्ता_माजिवडा :
त्याने कोर्स लग्नाआधी गोव्यात केला, त्यानंतर पाण्यात गेला नाही. कार्डावर मुदत लिहिलेली नाही. मुलगा छान पोहतो, सोसायटीच्या पूलमध्ये रोज असतो. मला पोहता येत नाही, पण स्कूबाला पोहणं लागत नाही असं एजंट म्हणाला.

दर्यासारंग :
एजंट अर्धं बरोबर बोलला. ट्राय डाईव्हला पोहणं लागत नाही. ओपन वॉटर कोर्सला लागतं : २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं नुसतं तरंगणं. वेळेची अट नाही, कसंही पोहा.

कार्डाची मुदत संपत नाही हे खरं, पण एवढ्या वर्षांनी कुठलंही नीट चालवलेलं सेंटर आधी रिफ्रेशर, म्हणजे उजळणी, करायला लावतं. लावत नसेल तर त्या सेंटरमध्ये जाऊ नका. मास्कमध्ये पाणी शिरल्यावर नाकाने हवा सोडून ते बाहेर काढणं ही साधी गोष्टही हात विसरतात.

आता मालदीव. तिकडची नावाजलेली डायव्हिंग चॅनेलमध्ये असते. समुद्राचं पाणी भरती-ओहोटीला दोन बेटांच्या मधून जोरात आत-बाहेर होतं, त्याच प्रवाहात शार्क आणि मांटा (पंखांसारखे कल्ले असलेले मोठे मासे) येतात. ते बघायला ओपन वॉटरच्या पुढच्या, ॲडव्हान्स्ड कोर्सचं कार्ड आणि हात बसलेला हवा. तुमच्या घरात आत्ता तसं कोणी नाही. ज्या गोष्टीसाठी मालदीवला जादा पैसे मोजतात तीच तुम्हाला करता येणार नाही. उरलं हाउस रीफ, म्हणजे रिसॉर्टच्या काठालगतचं प्रवाळ. ते सुंदर असतं, पण फक्त त्यासाठी ३ लाख १० हजार मला जास्त वाटतात.

जायचंच तर रिसॉर्ट सोडा, स्थानिक बेटावरचं गेस्ट हाउस घ्या. व्हिसा तिकडे पोचल्यावर फुकट मिळतो. रिसॉर्टला ग्रीन टॅक्स माणशी रोज १२ डॉलर, लहान गेस्ट हाउसला ६. सीप्लेनचं जाणं-येणं माणशी ४०० डॉलरच्या पुढे जातं, राजधानी मालेजवळच्या बेटाला स्पीडबोट त्याच्या अगदी थोड्या भागात नेते. स्थानिक बेटावर कार्डवाल्याला एक डाईव्ह साधारण ६० ते ८० डॉलरला पडते, रिसॉर्टमध्ये १०० च्या वर. मेअखेरीस तिकडेही नैऋत्य मान्सून असतो, म्हणून दर उतरलेले असतात. एजंटने हे सांगितलं का?

विमानाची बेरीज आधी करू नका. माणशी किती डाईव्ह होणार ते लिहा, एकूण खर्चाला त्याने भागा, मग ठिकाणं बघा.

लाटांवर_मी :
पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले तेव्हापासून सांगतेय, मालदीवला पैसे देण्यापेक्षा तिथेच जा! तसंच पाणी, तशीच बेटं.

नेरूळ_निनाद :
पाणी अप्रतिम आहे, वादच नाही. पण परमिट काढावं लागतं, विमान फक्त अगत्तीला उतरतं, राहायच्या जागा मोजक्या, आणि मेच्या शेवटी तिथेही समुद्र खवळायला लागतो. एका दिवसात ठरवणाऱ्याला कसं जमणार?

ठाणे_ते_ताओ :
कोह ताओचं नाव अजून कोणी काढलं नाही! थायलंडचं हे बेट आखाताच्या बाजूला आहे. मेमध्ये तिथे समुद्र चांगला असतो, पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरला. उलट थायलंडच्या दुसऱ्या, अंदमान समुद्राच्या बाजूची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, म्हणून त्या बाजूच्या फुकेतचं पॅकेज घेऊ नका. ताओवर शाळांची इतकी गर्दी की स्पर्धेने दर खाली आलेत. ओपन वॉटर साधारण ११ हजार बाथ, त्यात चार समुद्री डाईव्ह. अंदमानला तोच कोर्स तीस हजार रुपयांच्या आसपास जातो, म्हणजे कोर्सपुरता फरक फार नाही. नुसती डाईव्ह मात्र ताओवर हजार बाथच्या आसपास, आपल्याकडे तीन-चार हजार रुपये. ज्याला पुष्कळ डाईव्ह करायच्या त्याचे तिकडे पैसे वाचतात.

ऐरोली_किनारा :
आणि बँकॉकहून रात्रभर बस, मग कॅटामरान बोट. ११ वर्षांच्या मुलाला घेऊन? आमच्या भाच्याने त्या बोटीत दीड तास पिशवीत तोंड घालून काढला.

ठाणे_ते_ताओ :
खरंय, तो प्रवास दमवतो. मळमळ होत असेल तर गोळी बस सुटायच्या आधी घ्यायची, बोटीत बसल्यावर नाही. जवळच्या सामुई बेटापर्यंत विमान घेतलं तर त्रास कमी, पण ते तिकीट महाग असतं.

दर्यासारंग :
बालीचाही विचार करा. मे म्हणजे तिकडे कोरडा हंगाम. तुलांबेनला लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज आहे. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने निकामी झालं, ओढून किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून समुद्रात गेलं. किनाऱ्यापासून इतकं जवळ की बोट लागतच नाही, चालत पाण्यात शिरायचं. बोटीचं भाडं वाचतं आणि बोट लागण्याचा प्रश्नही. मात्र किनारा गोट्यांचा आहे, पाठीवर टाकी घेऊन पाय सटकतो. व्हिसा पोचल्यावर, ५ लाख रुपिया माणशी, वर पर्यटक कर दीड लाख रुपिया. शेजारी आमेडला काठापासूनच स्नॉर्केलिंग होतं, तुम्ही आणि मुलगा तिथे रमाल. विमानप्रवास या सगळ्यांत लांबचा.

डॉ_कोपरी :
मी छातीविकार बघतो, डायव्हिंगही करतो. कोणाला दमा, कानाचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन? हे कोणीच विचारलेलं नाही.

मुक्ता_माजिवडा :
मुलाला हिवाळ्यात पंप लागतो. डिसेंबर-जानेवारीत फक्त. मेमध्ये काही नसतं. ते सांगायचं राहिलं कारण पोहताना त्याला कधीच त्रास झाला नाही.

डॉ_कोपरी :
ताई, ॲडव्हान्स आज देऊ नका. प्रत्येक सेंटर आधी आरोग्याचा छापील फॉर्म भरून घेतं. दम्याच्या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं की डॉक्टरांची सही असल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत, आणि तिकडे परक्या गावात सही मिळवताना दोन दिवस जातात. 'नाही' लिहायचा विचारही मनात आणू नका. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते. श्वासनलिका आकसल्याने हवा आत अडकली तर फुप्फुसाला इजा होते, आणि तीही कमी खोलीवर, कारण हवा सर्वात जास्त फुगते ती वरच्या दहा मीटरमध्येच. म्हणून 'उथळच तर आहे' हा दिलासा इथे चालत नाही. याचा अर्थ त्याला कायमची मनाई असा नाही. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्या, स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) आणि व्यायामानंतरची तपासणी करून घ्या, फॉर्म नेटवरून छापून सोबत न्या. मंचावर बसून मी हो किंवा नाही म्हणणार नाही.

ऐरोली_किनारा :
आमच्या वेळी फॉर्मवर नुसती सही घेतली होती, कोणी वाचलंही नाही.

डॉ_कोपरी :
म्हणूनच पालकांनी वाचायचा. सर्दी असतानाही जाऊ नका, कानातला दाब बाहेरच्या दाबाइतका करता येत नाही आणि पडद्याला इजा होते.

ठाणे_ते_ताओ :
डॉक्टरांनी परवानगी दिली तर मुलगा ज्युनियर ओपन वॉटर करू शकतो, वयाची अट १०. बारा वर्षांचा होईपर्यंत १२ मीटरच्या खाली न्यायचं नाही, आणि सोबत कार्डवाला पालक किंवा इन्स्ट्रक्टर लागतो. थिअरी आणि पूलचे धडे इथेच मुंबईत उरकून रेफरलचा, म्हणजे उरलेला कोर्स दुसऱ्या सेंटरमध्ये पुरा करण्याचा, कागद घेता येतो, मग तिकडे फक्त चार डाईव्ह उरतात. सुट्टीचे दोन दिवस वाचतात. परवानगी नाही मिळाली तर तुमचं गणितच बदलतं. मग स्नॉर्केलिंग जिथे काठावरून चांगलं, तीच जागा.

मुक्ता_माजिवडा :
एजंटला आज नाही कळवलं. शनिवारी डॉक्टरांकडे जातोय. ते हो म्हणाले तर नवरा आणि मुलगा दोघं पूलचे धडे इथेच करतील, नाही म्हणाले तर आमेडचं बघू. अंदमान नाताळला. एकच विचारायचं आहे, परतीचं विमान पहाटेचं असेल तर आदल्या दिवशी सकाळी डाईव्ह चालते का?

दर्यासारंग :
सलग काही दिवस डाईव्ह केल्या असतील तर शेवटची संपल्यापासून किमान १८ तास विमानात बसायचं नाही. सकाळी दहाला वर आलात आणि विमान पहाटे पाचचं, तर १९ तास होतात, जेमतेम. मी आदला पूर्ण दिवस कोरडाच ठेवतो. आणि नेहमीचा प्रवास विमा स्कूबा धरतो का ते पॉलिसीत वाचा, बऱ्याच पॉलिसींत खोलीची मर्यादा असते.

पनवेलकर_७१ :
माझं वय ६३, बीपीची गोळी चालू आहे. मला ट्राय डाईव्ह करू देतील का? डॉक्टरसाहेब, सांगाल का?