शब्दचर्चा: 'नर्व्ह ब्लॉक'ला मराठीत काय म्हणावं? (बधिर, भूल, नस, पदर)

भाषांतरकार: दुर्बिणीतून होणाऱ्या छातीच्या ऑपरेशनसाठी रुग्णांना द्यायचं माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'इरेक्टर स्पायने प्लेन ब्लॉक'साठी (पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली औषध सोडून संवेदनेच्या नसा बधिर करणं) मसुद्यात 'नस ब्लॉक करणे' असं लिहिलंय. कोशातले 'चेतारोध' आणि 'मज्जातंतू अवरोधन' हे शब्द कुणाच्या तोंडी नाहीत. काय करावं?

भूलतज्ज्ञ: 'नस ब्लॉक' काढाच. आपल्याकडे ब्लॉक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हृदयातलं ब्लॉकेज येतं. 'नस बंद करणे' म्हटलं तर नसबंदी. शिवाय नस म्हणजे रक्ताची की संवेदनेची, हेही कळत नाही. सही करणाऱ्याला यातला कुठलाच गोंधळ परवडणारा नाही. 'छातीची एक बाजू बधिर करण्याचं इंजेक्शन' एवढं लिहा. लांब आहे, पण त्यात अर्थ पूर्ण आहे.

परिचारिका: 'भूल' नको का? वॉर्डात तर 'पूर्ण भूल', 'कमरेखालची भूल', 'जागेवरची भूल' असंच बोलतात.

भूलतज्ज्ञ: या ऑपरेशनात पूर्ण भूल असतेच, ब्लॉक तिच्या जोडीला असतो. दोन्हींना भूल म्हटलं की 'मला दोनदा भूल देणार का?' हा प्रश्न येणार. भूल उतरली की माणूस जागा होतो. बधिरपणा मात्र त्यानंतरही राहतो, एका इंजेक्शनने साधारण 8 ते 12 तास. हा फरक पत्रकात दिसायला हवा, म्हणून भूल झोपेसाठी ठेवा आणि बधिर जागेसाठी.

भाषांतरकार: पण बधिर म्हणजे बहिरा ना?

कोशवाचक: मूळ संस्कृत अर्थ तोच. मराठीत हात बधिर होतो, दाढ काढताना हिरडी बधिर करतात. अर्थ पसरला म्हणूनच कानापुरतं बोलायचं झालं की आपण 'कर्णबधिर' म्हणतो. 'सुन्न' चालेल, पण मराठीत माणूस बातमी ऐकूनही सुन्न होतो. इथे बधिरच नेमका.

भाषांतरकार: आणि 'प्लेन'? 'स्नायुपटल' लिहिलंय.

भूलतज्ज्ञ: 'पदर' लिहा! चांगल्या पोळीला पदर सुटतात तसेच स्नायूंचे थर एकमेकांवर असतात आणि औषध दोन थरांच्या मध्ये सोडायचं असतं. सोनोग्राफीचा प्रोब मणक्याच्या मध्यरेषेपासून सुमारे 3 सेंटीमीटर बाजूला, उभा धरतात. छातीच्या पाचव्या मणक्याचं आडवं हाड दिसतं आणि त्यावर स्नायूंचे तीन थर. सुई हाडाला टेकली की 2-3 मिली सलाइन सोडून बघायचं. स्नायू हाडावरून उचलला जाऊन मध्ये काळी रेघ लांबत गेली, तर पदर सापडला. स्नायूच्या पोटातच फुगवटा आला तर सुई वर राहिली आहे. तिथे औषध सोडलं तर ते तिथेच साचतं आणि ब्लॉक लागत नाही. जागा बरोबर असेल तर 20 ते 30 मिली औषध वर-खाली पसरतं.

'ब्लॉक लागला', 'ब्लॉक लागला नाही' हे आमचं रोजचं बोलणं. तज्ज्ञांसाठीच्या मजकुरात ते तसंच ठेवा.

शल्यचिकित्सक: भोकं लहान असूनही का दुखतं, हे पत्रकात जरूर लिहा. संवेदनेची नस बरगडीच्या खालच्या कडेला चिकटून जाते. दोन बरगड्यांमधून घातलेलं अवजार तिरकं केलं की ती नस बरगडीवर दाबली जाते. पुढे छातीतली नळीही तिथेच घासत राहते.

परिचारिका: दुखण्याचे शब्दही वेगळे करा. 'वेदना' या एका शब्दाने भागत नाही. खोकताना जखमेत येते ती चमक. नळीपाशी सतत राहतो तो ठणका. आणि ऑपरेशनच्याच बाजूचा खांदा भरून येतो, ते तिसरंच.

भूलतज्ज्ञ: अगदी खरं, ताई. खांद्याचं दुखणं श्वासपटलाकडे जाणाऱ्या नसेतून येतं. ती मानेतून निघते, त्यामुळे पाठीतल्या ब्लॉकचा तिला उपयोग नाही. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला इंजेक्शन वाया गेलं असं वाटतं. गोळ्या ब्लॉक उतरायच्या आत सुरू करायच्या. पॅरासिटामॉल चालत असेल तर दर 6 तासांनी 1 ग्रॅम. कळ उठायची वाट बघायची नाही.

भाषांतरकार: धोक्यांच्या रकान्यात 'विषबाधा' लिहिलंय. लोक घाबरतील का?

भूलतज्ज्ञ: 'औषध रक्तात जास्त जाणे' असं लिहा. ते टाळायचं गणित डॉक्टरांच्या पानावर स्पष्ट हवं. बुपिव्हाकेन, म्हणजे बधिर करणारं औषध, वजनाच्या किलोला जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅम धरलं तर 60 किलोच्या माणसाला 120. अर्धा टक्का औषधात मिलीला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 24 मिलीतच मर्यादा संपली. पाव टक्क्याचे 30 मिली दिले तर 75 मिलिग्रॅम होतात आणि 45 उरतात. आता शेवटी भोकांच्या कडेला अर्ध्या टक्क्याचे 10 मिली टोचले की आणखी 50, एकूण 125. मर्यादा ओलांडली! भूलतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक दोघांनी आपापलं मोजून चालत नाही, बेरीज एकाच फळ्यावर हवी.

जागा माणूस जीभ जड झाली, कानात आवाज येतो असं सांगतो. झोपलेला सांगू शकत नाही, त्यामुळे पहिली खूण हृदयाचे ठोके बिघडणं हीच असू शकते. 20 टक्के लिपिड इमल्शन (अशा वेळी शिरेतून द्यायचं चरबीचं द्रावण) हाताशी हवं. पहिला डोस किलोला 1.5 मिली, म्हणजे 60 किलोला 90 मिली, 2-3 मिनिटांत.

भाषांतरकार: मग रुग्णाच्या पानावरचं वाक्य असं करते: 'पूर्ण भूल दिल्यावर पाठीतल्या स्नायूंच्या पदरात एक इंजेक्शन देऊन छातीची ती बाजू बधिर केली जाईल. खांदा बधिर होणार नाही.'

परिचारिका: त्यापुढे जोडा: 'बधिर जागेवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका.' चटका कळत नाही आणि फोड येतो.