खमंग काकडी डब्यात नेताना पाणी सुटतं, काय करावं?

चिमूटभर
कर्बोदकं कमी ठेवायची आहेत, म्हणून दुपारच्या डब्यात पोळीऐवजी खमंग काकडी आणि सोबत पनीर किंवा उकडलेली अंडी. सकाळी हाताशी 15 मिनिटं असतात. 2 काकड्या (300 ग्रॅम) किसून त्यात दाण्याचं कूट, ओलं खोबरं, लिंबू, मीठ, चमचाभर साखर घालून डबा भरला, की दुपारी तळाशी पाणी आणि कुटाचा लगदा. नेमकं कुठे चुकतंय? आणि साखर वगळली तर चव जमेल का?

तुपाची फोडणी
किसणी बाजूला ठेवा, काकडी चोचवून घ्या. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, सुरीने जवळजवळ उभे-आडवे घाव घालायचे आणि वरचा थर पातळ कापून ताटात पाडायचा. मग पुन्हा घाव. किसताना काकडी चिरडली जाते आणि तिथेच पाणी सुटतं. चोचवलेले तुकडे करकरीत राहतात. चोचवण्याआधी देठाकडची चकती चाखा, कडूपणा बहुधा तिकडे आणि सालीलगत असतो. सगळीच कडू निघाली तर टाकून द्या, मिठाने ती सुधारत नाही. जून काकडीचा बियांचा गर चमच्याने काढा, सगळ्यात जास्त पाणी त्यातच.

300 ग्रॅमला अर्धा चमचा मीठ लावून 10 मिनिटं चाळणीत ठेवा, मग मुठीत हलकं दाबा. चोथा होईपर्यंत पिळू नका. निथळलेलं पाणी ताकात घाला. नंतर मीठ चाखूनच, एरवी हमखास खारट होते.

खलबत्ता
वरचं सगळं बरोबर, पण डब्यासाठी कूट वेगळ्या डबीत न्या. 3 मोठे चमचे जाडसर कूट, दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटलेलं. गरम दाणे मिक्सरमध्ये फिरवले की तेल सुटून गोळा होतो. 1 चमचा तूप, अर्धा चमचा जिरं, हिंग, एक हिरवी मिरची अशी फोडणी करून ती कुटावरच ओता. दाणे तुपाने माखले की पाणी उशिरा शोषतात. डबा फ्रीजमध्ये राहणार असेल तर तुपाऐवजी तेल घ्या, तूप थिजून दातांना लागतं. लिंबू जेवताना पिळा.

साखर खुशाल वगळा. चमचाभर साखरेत 4 ग्रॅम कर्बोदकं, शिवाय मिठासारखी तीही काकडीतलं पाणी ओढते. दोन चमचे ओल्या खोबऱ्याची गोडी पुरते. उन्हाळ्यात मात्र खोबरं डब्यात नको, दुपारपर्यंत आंबतं.

काकडीत 100 ग्रॅमला साडेतीन ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. दाण्यांत 16, पण त्यातला निम्मा भाग तंतूंचा. तरी कूट मोजून घाला, उष्मांक भरपूर असतात.

चिमूटभर
धन्यवाद! रोज काकडी नको वाटली तर?

तुपाची फोडणी
कोबी. 150 ग्रॅम अगदी बारीक चिरा, मीठ-लिंबू लावून हाताने चुरा, वर मोहरी-हिंगाची फोडणी. कोबीला काकडीइतकं पाणी सुटत नाही, त्यामुळे निथळायची कटकट नाही. मुळाही चालतो, पण बंद डब्यात वास कोंडतो, तो घरीच दह्यात कालवून खा. गाजर-बीटमध्ये कर्बोदकं 10 ग्रॅमच्या घरात, रंगापुरतं घाला.