मदत हवी आहे: ‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’ या चित्रपटाआधी मार्व्हलच्या कोणत्या मालिका पाहाव्यात?

नमस्कार मंडळी. एप्रिल २०१९ मध्ये ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ आला तेव्हा आमचा सगळा गट चित्रपटगृहात होता आणि कॅप्टन अमेरिकेने थॉरचा हातोडा उचलताच झालेला जल्लोष आजही कानांत आहे. पुढे २०२१ पासून ‘वांडाव्हिजन’, ‘लोकी’ अशा मालिका एकामागून एक येऊ लागल्या. या दोन्ही मला मनापासून आवडल्या, परंतु चित्रपट समजण्यासाठी आधी मालिका पाहणे भाग पडू लागले, तसा मित्रांचा उत्साह ओसरत गेला. २०२३ च्या ‘द मार्व्हल्स’ चित्रपटातील नायिका कमला खान ‘मिस मार्व्हल’ मालिकेतूनच आलेली, आणि दुसरी नायिका मोनिका हिला शक्ती मिळाल्या त्याही ‘वांडाव्हिजन’मध्येच; ज्यांनी त्या पाहिल्या नव्हत्या, ते मध्यंतरापर्यंत मलाच विचारत राहिले.

‘ॲव्हेंजर्स: डूम्सडे’मध्ये आधी आयर्न मॅन साकारलेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर खलनायक डॉक्टर डूम साकारणार असल्याने या मित्रांना पुन्हा गोडी लागेल, अशी मला आशा आहे. माझ्या मते ‘लोकी’चे दोन्ही सीझन टाळता येणार नाहीत, कारण समांतर विश्वांचा उलगडा तिथेच होतो, ‘मून नाइट’ स्वतंत्र असल्याने मागे ठेवता येईल. उरलेल्यांपैकी कथेसाठी खरोखर आवश्यक अशा कोणत्या मालिका आहेत, आणि त्या कोणत्या क्रमाने दाखवाव्यात, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.