मुलगा दृढीकरणाला नाही म्हणतोय, रविवारपर्यंत नाव द्यायचंय, मदत हवी आहे

नगरची_आई: लवकर उत्तर द्या प्लीज. रविवारी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन, मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करायचा चर्चमधला विधी) वर्गाला नाव द्यायचा शेवटचा दिवस आहे आणि हा सरळ नाही म्हणतोय. दोन महिने चर्चलाच येत नाहीये, उठवायला गेलं की पांघरूण डोक्यावर. ओरडून झालं, मोबाईल काढून घेऊन झाला, प्रार्थना तर रोज चालूच आहे. काल फार बोलले त्याला आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडत बसले. जबरदस्तीने नाव देऊ का?

वसईकरीण: वय किती? कॅथलिक की प्रॉटेस्टंट ते तरी लिहा. माझा मोठा असाच होता, नोकरीला लागल्यावर आपणहून मिस्साला यायला लागला. संत मोनिका आपल्या मुलासाठी, ऑगस्टिनसाठी किती वर्षं रडली, ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता! रोज रोझरी करा, त्याला काही बोलू नका.

नगरची_आई: सीएनआय, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रॉटेस्टंट. पंधरा पूर्ण, दहावीला आहे.

पुणे_विश्वासी: ताई, लहानपणी न विचारता बाप्तिस्मा दिला की पुढे हेच होतं. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा.

मिरजवाला: हा वाद इथे कशाला? १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हापासून आमच्यात लहानपणीचा आणि मोठेपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे चालतात. आणि बायबलात प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये तुरुंगाच्या नायकाच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यात लेकरं नव्हती कशावरून?

पुणे_विश्वासी: होती असं तरी कुठे लिहिलंय?

रूथ_७७: मोबाईल काढून घेऊ नका, त्यात मराठी बायबलचं ॲप टाकून द्या. ऑडिओ पण येतो, बसमध्ये ऐकता येतं.

नाशिकची_मावशी: दोन महिन्यांपूर्वी काय झालं? आणि त्याचे बाबा काय म्हणतात?

नगरची_आई: हे पुण्याला असतात, शनिवारी रात्री येतात. म्हणतात बायबलातला इफिसकरांस सहावा अध्याय वाच, मुलांना चिरडीस आणू नका. रोजचं मला बघावं लागतं हो. बाकी तसं काही झालं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा, पण त्या आजारीच होत्या.

नाशिकची_मावशी: अगं हे आधी लिहायचं ना! आजीचा लाडका होता का?

नगरची_आई: त्यांच्याच खोलीत झोपायचा. उपासना संगीत या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातली गाणी त्यांनीच शिकवली त्याला. आयसीयूच्या बाहेर मंडळीतले सगळे प्रार्थना करत होते, हा गुडघ्यावर होता दोन तास. त्या गेल्यावर एकदाच म्हणाला, मग काय उपयोग झाला. मी म्हटलं असं बोलू नये, देवाची इच्छा.

नाशिकची_मावशी: तिथेच अडकलंय लेकरू. तुला दोष देत नाही, माझे मिस्टर गेले तेव्हा मी पण लेकीला असंच गप्प केलं, मग वर्षभर ती माझ्याशी धड बोलली नाही. दाविदानेसुद्धा तेराव्या स्तोत्रात देवाला विचारलंय की तू मला कुठवर विसरणार. देवापाशी असं बोललेलं चालतं हे त्याला तुझ्या तोंडून कळू दे. उपदेश नको करूस. आजीबद्दल बोल, तुलाही त्यांची आठवण येते ते सांग, आणि तो चिडला तर चिडू दे.

मिरजवाला: आणि नाव देऊ नका ताई. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही जे वचन दिलंत ते दृढीकरणात त्याने स्वतःच्या तोंडाने द्यायचं असतं, तुम्ही ढकलून कसं चालेल? तुम्ही नगरच्या, तुम्हाला काय सांगायचं, कवी ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० ला. पाच वर्षं घेतली त्यांनी.

पुणे_विश्वासी: हे मात्र पटलं. मघाशी वाद घातला त्याबद्दल माफ करा ताई. आजपासून तुमचा मुलगा माझ्या प्रार्थनेत आहे.

नगरची_आई: नाव नाही देत मग. पण पाळकसाहेबांना काय सांगू? आणि महिला मंडळातल्या विचारणारच.

नाशिकची_मावशी: पाळकसाहेबांना खरं ते सांग, आजी गेल्यापासून पोरगा सावरला नाही. बाकीच्यांना यंदा दहावी आहे एवढं पुरे.

रूथ_७७: ॲपचं नाव पाठवू का?

नगरची_आई: नको, सासूबाईंचंच बायबल आहे घरात. तो साडेआठला क्लासवरून येतो. मोबाईल पण परत देते आज.