जादू आली म्हणून सत्तेची भांडणं फिकी पडत नाहीत

जादू आली की सत्तेच्या भांडणातली मजा जाते, कांडी फिरवली की प्रश्न सुटला, असं काही जण म्हणतात, पण ते मला अजिबात पटत नाही. चांगल्या फँटसीत उलट जादूमुळेच भांडण पेटतं. टॉल्किनचं लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४-५५) घ्या ना, सगळ्यांवर सत्ता गाजवायची ताकद देणारी पण घालणाऱ्याचं मन बिघडवणारी जादूची अंगठी साध्यासुध्या फ्रोडोकडे येते, तो ती गँडाल्फला देऊ करतो आणि एवढा ताकदवान जादूगार चक्क घाबरतो, नकोच म्हणतो, कारण दुसऱ्यांचं भलं करायच्या ओढीनंच ती आपल्याला गिळेल हे त्याला पक्कं माहितीय. एल्फ लोकांची राणीसारखी असलेल्या गॅलाड्रिएलचंही तेच, ती क्षणभर स्वतःला अंगठीच्या जोरावर सगळ्या जगाची राणी झालेली बघते, अंगावर काटा येतो वाचताना, आणि मग वर केलेला हात खाली सोडते. फ्रोडोचा सोबती योद्धा बोरोमीर बिचारा आपलं शहर वाचवायलाच अंगठी मागतो आणि फ्रोडोवर धावून जातो. पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते शेवटानं. अंगठी आगीत टाकून नष्ट करायला इतकी पायपीट करून, उपाशीतापाशी अग्निपर्वतात आगीच्या काठाशी पोचलेला फ्रोडो म्हणतो अंगठी माझी आणि बोटात घालतो! अंगठीच्याच वेडानं मागे लागलेल्या गॉलमनं ते बोटच चावून तोडलं नसतं तर?? कॉलेजात असताना रात्री दोनला हे वाचलं आणि पुस्तक छातीवर ठेवून कितीतरी वेळ नुसती पडून राहिले होते.