एकटीनं रेडवूडच्या जंगलात गाडी घेऊन जायचंय, रस्ता कुठला धरू?

सुरंगी
नमस्कार मंडळी. मी अकरा वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. ऑक्टोबरच्या मध्यात चार दिवस सुट्टी आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून किनाऱ्यानं क्रेसंट सिटीपर्यंत एकटीनं जायचं मनात आहे. सोबत मिळत नाही म्हणून नव्हे, मला एकटीनंच जायचंय. गुहागरजवळ आमच्या गावाला देवराई आहे. बाबा तिथं शिरताना चपला बाहेर काढायचे आणि आत गेल्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. या जूनमध्ये ते गेले. तेव्हापासून मोठ्या झाडांखाली गप्प बसावंसं वाटतंय.

समुद्रकाठचा हायवे १ घेऊ की सरळ १०१ महामार्ग? दरीच्या कडेनं चालवायची भीती वाटते. मुक्काम कुठं करू? सगळ्यांत उंच झाड, हायपेरियन, बघता येईल का? आई रोज फोनवर ‘एकटी कशाला?’ म्हणते, तिला काय सांगू?

माळरान
मला आईंचं पटतं. तिकडे मैलोन्‌मैल फोन लागत नाही. निदान एखादी मैत्रीण घेऊन जा.

अबोली५८
सुरंगी, जा गं. मी दोनदा एकटीनं गेले आहे, दोन्ही वेळा ऑक्टोबरमध्येच.

आधी भीतीचं. उत्तरेला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो आणि इथं गाडी उजवीकडून चालते, म्हणजे तुझी गाडी डोंगराच्या बाजूला. म्हणून जाताना हायवे १ घे, येताना १०१. मागे कुणी घाईत असलं तर बाजूला थांबून त्याला जाऊ दे. पहिला मुक्काम फोर्ट ब्रॅगला कर. वेस्टपोर्टच्या पुढं रस्ता समुद्र सोडून वळणावळणानं डोंगर चढतो आणि लेगेटला १०१ ला मिळतो. तो टप्पा सकाळीच उरक.

मग ‘अ‍ॅव्हेन्यू ऑफ द जायंट्स’. हा जुना १०१, एकतीस मैलांचा. नवा महामार्ग त्याला समांतर जातो आणि बरेच जण त्यावरूनच निघून जातात. तू तसं करू नकोस. तिथल्या फाउंडर्स ग्रोव्ह या राईत डायरव्हिल जायंट नावाचा रेडवूड वृक्ष आडवा पडलाय. मार्च १९९१ मध्ये कोसळला, उंची सुमारे ११० मीटर होती. बुंध्यापासून शेंड्याकडे त्याच्या कडेनं चालत जा. उभ्या झाडाची उंची मान वर करून कळत नाही, ती मला तिथं पायांना कळली. उपटलेली मुळंही बघ. एवढ्या झाडाला खोल सोटमूळ नाही. मुळं उथळच, पण लांबवर पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली असतात.

दुसरा मुक्काम युरेका किंवा आर्केटा, तिसरा क्रेसंट सिटी. ओरिकच्या पुढं १०१ सोडून न्यूटन ड्र्युरी पार्कवेनं जा. तिथल्या कुरणात एल्क, म्हणजे मोठी हरणं, असतात. ऑक्टोबरमध्ये नर माजावर असतात, तेव्हा गाडीतूनच बघ. क्रेसंट सिटीच्या अलीकडे एक डोंगर वर्षानुवर्षं समुद्राकडे सरकतोय. तिथं कामासाठी गाड्या अडवून धरतात, तेवढा वेळ हाताशी ठेव.

माळरान म्हणतात ते फोनचं खरं आहे. गोल्ड ब्लफ्स बीचच्या कच्च्या रस्त्यावर माझं टायर बसलं आणि डिकीत स्टेपनी नव्हती, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत नसते. मी चाळीस मिनिटं उभी होते. मग एका जोडप्यानं हवा भरायचा पंप दिला. म्हणून निघण्यापूर्वी डिकी उघडून बघ, नकाशे फोनमध्ये उतरवून घे आणि आईला रोज मुक्कामाला पोचल्यावरच फोन येईल असं सांग. वेळ ठरलेली असली की माणूस काळजी कमी करतं. माझी मुलगी तरी करते.

अंधारात जंगलात चालवू नकोस. झाडांखाली पाचपासूनच उजेड उतरतो.

गलबत
हायपेरियनचं विसरा. २००६ मध्ये ते सापडलं, ११५ मीटरहून उंच. मग लोकांनी आडवाटेनं जाऊन जाऊन त्याच्या भोवतालचं नेचं तुडवलं. आता तो भाग बंद आहे. गेलात तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फर्न कॅनियनला, नेच्यांनी भरलेल्या घळीत, मात्र जा. उन्हाळ्यात परवाना लागतो, १५ सप्टेंबरनंतर नाही.

सुरंगी
अबोलीताई, मनापासून आभार. हायपेरियन सोडलं. देवराईतही मधल्या झाडापर्यंत कुणी जात नसे. एकच विचारते, नुसतं बसायचं असेल तर कुठं?

अबोली५८
स्टाउट ग्रोव्ह, रेडवूडचीच राई. क्रेसंट सिटीहून हाउलंड हिल रोडनं जा. रस्ता कच्चा आणि अरुंद आहे, पण लहान गाडी सहज जाते. सकाळी आठच्या आत पोच. तेव्हा धुकं असतं. इथं उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, धुकंच पानांवर जमून थेंबाथेंबानं मुळांशी पडतं आणि त्यावर ही झाडं कोरडे महिने काढतात. ते ठिबकणं ऐकू येतं. जाडसर शाल ने, पडलेली खोडं ओली असतात.

सुरंगी
बाबांची घोंगडी आहे माझ्याकडे. तीच नेते. फोर्ट ब्रॅगची खोली आत्ताच घेतली.